चुकलेली जोडी

हे गेले त्या सकाळी मी त्यांच्यावर चिडलेलीच होते. पडवीत पेपर वाचता वाचता ह्यांनी नेहमीसारखी हाक मारली, "अगं, जरा डिक्शनरी आण." चहा निवत होता, तव्यावर घावन होतं. "रिटायर झालात ना? आता कोण विचारणार आहे तुम्हांला अर्थ?" असं पुटपुटत मी घावन काढलं आणि मग डिक्शनरी घेऊन बाहेर आले... मान एका बाजूला कलली होती. नंतर माणसं जमली, त्या गडबडीत कुणीतरी ती डिक्शनरी ह्यांच्याच खुर्चीवर ठेवली. परवापर्यंत, चांगला दीड महिना, ती तिथेच होती. कुठला शब्द अडला होता ते विचारायचं राहून गेलं.

रत्नागिरीत ह्यांनी आयुष्यभर मुलांना इंग्रजी शिकवलं. शब्दांच्या जोड्या ही त्यांची खासियत. आपल्याकडे सावली एकच, इंग्रजीत दोन. "आंब्याच्या कलमाखाली बसता ती शेड आणि तुमच्या मागनं चालत येते ती शॅडो." घराचंही तसंच. "मुंबईची खोली म्हणजे हाऊस आणि गणपतीला धावत येता ते होम." मुलं हसायची, पण विसरायची नाहीत. त्याच ओघात हे सांगायचे, शब्दाच्या आधी 'इन' लागलं की अर्थ उलटा. करेक्ट, इनकरेक्ट. व्हॅल्युएबल म्हणजे मोलाचं, इनव्हॅल्युएबल म्हणजे कवडीमोल. तेही मुलं विसरली नाहीत.

पावस गावचा सदा ह्यांचा लाडका विद्यार्थी. मुंबईत एका ऑफिसात कारकून म्हणून चिकटला होता आणि एक दिवस अचानक परत येऊन बागेत राबायला लागला. गावात सांगितलं, हवा मानवली नाही. एका गणपतीत तो आमच्याकडे दर्शनाला आला, तेव्हा ह्यांनी खोदून खोदून विचारलं. आधी "नाय ओ सर, तसा काय नाय" असं चाललं होतं, मग मान खाली घालून बोलला. ऑफिस दुसऱ्या गावी हलणार होतं. निरोपाच्या दिवशी साहेबानं सगळ्यांसमोर उभं राहून इंग्रजीत सांगितलं, सदाची सेवा आम्हांला इनव्हॅल्युएबल होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाला होता, येऊन भेट, दुसरीकडे लावून देतो. सदा गेलाच नाही. "एवढी थट्टा केलान, सर. परत काय तोंड दाखवायचा?"

सदा गेल्यावर हे संतापून येरझाऱ्या घालत होते. त्या साहेबाला खरमरीत पत्र लिहायचं म्हणून शब्द शोधायला डिक्शनरी उघडली. बराच वेळ आवाज नाही म्हणून मी डोकावले, तर हे पान तसंच धरून बसलेले. "ज्याची किंमतच करता येत नाही, इतकं मोलाचं," एवढंच म्हणाले. रात्री जेवले नाहीत. "चूक कुणाची होत नाही?" मी म्हटलं. खरं तर मला भीती होती की हे आता गावभर सांगत सुटतील.

तसंच झालं. दुसऱ्या दिवशी आम्ही पावसला गेलो. सदाच्या घरी आरती चालली होती, मुंबईहून आलेले सगळे चाकरमानी जमलेले. आरती संपली आणि प्रसाद वाटायच्या आत हे उभे राहिले. मी ह्यांचा सदरा ओढला, पण थांबले नाहीत. सगळं सांगितलं, साहेबाचा शब्द, त्याचा खरा अर्थ, स्वतःची चूक. हात जोडले. मागून कुणीतरी खुदकन हसलं. सदाच्या बापानं कपाळावर हात मारला. "म्हंजे सायबानं तुला चांगला म्हटलान नि तू पलून आलास?" सदा लालबुंद झाला. "सर, कशाला ओ सगल्यांसमोर..." एवढंच म्हणाला आणि मागच्या दारानं बागेत निघून गेला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. एसटीत हे खिडकीबाहेर बघत होते. कुठलासा थांबा गेल्यावर म्हणाले, "माझं ओझं मी उतरवलं गं, पण त्याच्या डोक्यावर ठेवलं."

त्या दिवसापासून ह्यांनी डिक्शनरी उघडल्याशिवाय एकही अर्थ सांगितला नाही. साधं 'कॅट' असलं तरी वर्गात मोठ्यानं वाचून दाखवायचे. मुलं फिदीफिदी हसायची. मच्छी मार्केटात एका विद्यार्थ्याच्या आईनं मला सगळ्यांदेखत विचारलं, "सरांना आता पुस्तक बघून शिकवावं लागतं म्हणे?" मी सुरमई न घेताच घरी आले आणि तो राग ह्यांच्यावर काढला. सदानं येणं सोडलं नाही, पण बोलणं आंब्याच्या मोहरापलीकडे कधी गेलं नाही.

परवा शाळेत शोकसभा झाली. अध्यक्ष इंग्रजीत बोलले आणि बोलता बोलता तोच शब्द आला, सरांची सेवा इनव्हॅल्युएबल होती. माझी मान आपोआप खाली गेली. इतक्या वर्षांची सवय. बाहेर चपला घालताना सदा जवळ आला. केस पिकलेत त्याचे.

"काकू, मान कशाला खाली घातलात? चांगला शब्द हाय तो."

"माहीत आहे रे."

"तरी पन घरी जाऊन बघा एकदा. सरांनी बघितलान असता."

घरी आले. खुर्चीवरची डिक्शनरी उचलली, बोट फिरवत तो शब्द शोधला, आणि ह्यांच्यासारखा त्याचा अर्थ मोठ्यानं वाचला.