सुट्टीचं पाकीट

हरणाबाईच्या तोंडाला लागायची वाडीत कुणाची छाती नव्हती. आडावर दोघी भांडत असल्या आणि ही घागर घेऊन आली, की त्या गपगुमान पाणी शेंदायला लागायच्या. पण बाई कष्टाची हो! नवरा आकाराम सांगलीच्या सूतगिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होता. पगार चांगला, पण तो आधी गुत्त्याची पायरी चढायचा, मग उरलासुरला घरी यायचा.

घर चालायचं तिच्या शेतातल्या भांगलणीवर आणि वर्षातनं एकदा येणाऱ्या पाकिटावर. त्या गिरणीची एक जुनी रीत होती. कामगार वर्षाच्या सुट्टीवर निघाला, की सुट्टीचा पगार आगाऊ, वेगळ्या पाकिटात, आणि तोही बायकोच्या हातात. पूर्वी कुणी बहाद्दर ते पैसे घेऊन सुट्टीभर तमाशामागं हिंडला आणि घरी पोरं उपाशी मरायची वेळ आली, तेव्हा जुन्या मॅनेजरनं ही शिस्त लावली. बाप्ये कुरकुरायचे. कुरकुरेनात का!

त्या उन्हाळ्यात हरणाबाईची पोरगी अंजना सातवी पास झाली. साताऱ्याच्या मुलींच्या बोर्डिंगात जागा मिळाली होती. पैसे भरले की पोरगी आत. नाही भरले, तर आकारामनं तिच्यासाठी मलकापूरकडचा एक बिजवर हेरून ठेवलाच होता. हरणाबाईचं सगळं लक्ष त्या पाकिटावर होतं.

सुट्टी लागायच्या दिवशी ती गिरणीच्या पगारखिडकीशी जाऊन उभी राहिली. आत इमामभाई, पगाराचा जुना क्लार्क. त्यानं मान खाली घातली.

"पाकीट न्हाई, वैनी. पगार आता पुण्याच्या कंप्युटरवर निघतो. सुट्टीचा पैसा म्हयन्याच्या पगारातच मिसळून येतो. आकाराम पगाराच्या दिवशीच सगळं घेऊन गेला."

हरणाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मुडदा बशिवला त्या यंत्राचा! त्याला आयाभनी न्हाईत व्हय? कुटं ठेवलंय, दाव मला!"

"यंत्राला शिव्या देऊ नगा," इमामभाई म्हणाला. "पुण्याची मानसं इचारायला आलती, येगळं ठेवायचं का एकत्र. त्यांना दोनी जमत हुतं. मी म्हनलं येगळं ठेवा, बायकांचं हाल हुतील. मग सायबानं कामगारांची सभा घेतली. त्यात पयला उठला तो तुमचा मालक. म्हनला, घाम आमचा, मग पाकीट बायकांचं का? लय टाळ्या पडल्या, आन् समदं एकत्रच ठरलं."

हरणाबाईनं पदर खोचला आणि तडक घरची वाट धरली.

घरी आली तर आकाराम सोप्यात पाय पसरून पडलेला, तोंडाला भपकारा. पाकिटाचं विचारलं, तर हसत म्हणाला, "कंप्युटरनं केलं. म्या काय करू?"

खोटं बोलला तो, तेही तोंडावर! सकाळी तो घोरत असताना तिनं दारातली त्याची सायकल काढली. दोन वर्षांमागं तिनंच सुट्टीच्या पाकिटातनं घेऊन दिली होती. ती पेठेत इलाहीच्या सायकल दुकानात विकली, बोर्डिंगाचे पैसे कनवटीला लावले, पोरीचा हात धरला आणि थेट साताऱ्याची एस्टी गाठली.

दुसऱ्या दिवशी सांजच्याला परतली, तर आकाराम उंबऱ्यात उभा.

"माजी सायकल कुटं हाय?"

"इकली."

"कुनाला इचारून, गं?"

"तुमी कुनाला इचारून माजं पाकीट तुमच्या पगारात घातलंसा? आता ह्या घरात तुजं-माजं काय न्हाई. समदं एकत्र. सभेत तुमीच उठून बोल्लासा न्हवं?"

आकारामचा हात वर गेला. ती हलली नाही. कमरेचं खुरपं तिनं नुसतं हातात घेतलं आणि त्याच्या डोळ्यांत बघत राहिली. हात हळूहळू खाली आला. तेव्हा कुठं त्याला घर सुनं वाटलं.

"पोरगी कुटं हाय?"

"तुमचा हात पोचत न्हाई तितं," हरणाबाई म्हणाली, आणि त्याला बाजूला सारून आत गेली.