वाहता नळ

साम्यवादी राजवट गेलेल्या देशांतल्या स्त्रीचळवळींचा अभ्यास करण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. परवा तिथल्या जुन्या मुलाखती ऐकत बसले होते. एका म्हाताऱ्या कार्यकर्तीच्या आवाजामागे सारखं पाणी वाहतंय. मुलाखतीला आम्ही दोघी तिच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. बोलायला लागण्याआधी तिनं उठून नळ सोडला. भिंतीपलीकडे कोणी ऐकत असेल, ही तेव्हाची धास्ती.

"अहो, आता कोण ऐकतंय?" मी म्हटलं.

ती ओशाळून हसली, पण नळ चालूच राहिला. राजवट गेल्याचं जगाला कळलं होतं, तिच्या हाताला तेवढं कळायचं होतं.

ऐकता ऐकता आई आठवली. मावशी आली की तीही मोरीतला नळ सोडूनच बोलायची. आमच्याकडे कुठले हेर? बाहेरच्या खोलीत बाबा पेपर वाचत असायचे.