आयसीयूतली खंडेनवमी

आमच्या हॉस्पिटलात खंडेनवमीला मशिनींची पूजा होते, असं सांगितलं की बाहेरचे लोक हसतात. हसू नका. चाकणच्या पट्ट्यात त्या दिवशी कारखान्यांतल्या प्रेस मशिनींपासून कँटीनच्या मिक्सरपर्यंत सगळ्यांना झेंडूचे हार पडतात, मग व्हेंटिलेटरनंच काय घोडं मारलंय? मी आयसीयूची इन्चार्ज सिस्टर. पूजेला माझी कधीच हरकत नव्हती. माझी हरकत आहे ती लोकांच्या उत्साहाला.

त्या वर्षी तर उत्साहाला उधाण आलं होतं. रहाटणीहून येणारी आमची मुसलमान सिस्टर माळा ओवायला सगळ्यांच्या पुढे, केरळची सिस्टर रांगोळीत गुंतलेली, आणि बीडकडची, नुकतीच कामाला लागलेली एक मुलगी हळदीकुंकवाची वाटी घेऊन खाटाखाटांमधून फिरत होती. मी बजावून ठेवलं होतं की मशिनीच्या वरच्या बाजूला एक बोट टेकवायचं, बस. वायरी, बटणं आणि पेशंट यांच्या वाट्याला जायचं नाही. तेवढ्यात मला खाली मीटिंगला बोलावलं. मीटिंगचा विषय, वेगवेगळ्या राज्यांतून आलेल्या स्टाफमधला सलोखा. देवाला थट्टा करायची असली की तो अशी करतो.

मी खाली सलोख्यावरचं भाषण ऐकत होते तेव्हा वर एका पेशंटचा ऑक्सिजनचा आकडा घसरायला लागला. माणूस तरुण, जवळच्याच कंपनीतला, न्यूमोनियानं व्हेंटिलेटरवर होता. अलार्म वाजला. डॉक्टर धावले, ऑक्सिजन वाढवा म्हणाले. त्या खाटेवर मिझोरामची सिस्टर होती. माझ्या हाताखालची सगळ्यात भरवशाची मुलगी. पेशंट तिला ‘नेपाळी सिस्टर’ म्हणतात, काही शहाणे तिच्या पाठीमागे ‘चायना’ म्हणतात, आणि ती आपल्याच देशातली आहे हे सांगून सांगून माझं तोंड दुखायला लागलंय. ती स्वतः आता कुणाला सांगत नाही.

तिनं आधी माणसाकडे बघितलं. छाती व्यवस्थित हलतेय, ओठ निळे नाहीत. मग तिनं त्याच्या बोटाला लावलेला, ऑक्सिजन मोजणारा चिमटा उघडला. आतल्या दिव्यावर ओल्या कुंकवाचा जाड थर! बीडच्या मुलीनं चिमट्याचीही पूजा केली होती, आणि तीही आतून. मिझोरामच्या सिस्टरनं स्पिरिटचा बोळा घेऊन ते कुंकू पुसलं, आकडा वर आला. व्हेंटिलेटरच्या मागच्या जाळीवर हार टाकून कुणी तरी हवेची वाट बंद केली होती, तोही तिनं काढला. काम संपलं. शाबासकीची गोष्ट होती.

पण ती नेमकी भेटीची वेळ होती. काचेपलीकडे पेशंटची बायको आणि दीर उभे होते. त्या बाईनं काय पाहिलं? नवरा मशिनीवर, आणि त्याच्या उशाशी एक परकी बाई कुंकू पुसतेय. तिचा हात कपाळाकडे गेला आणि ती मटकन खालीच बसली. मला तिचा राग नाही आला. त्या जागी माझी आईही तशीच बसली असती. राग आला तो नंतरच्या तमाशाचा.

मी ऑफिसात पोचले तर दीर टेबलावर हात आपटत होता. “आमची वहिनी बघतीय अन् ती बया कुंकू पुसतीय व्हय? तिच्या धर्मात नसंल, आमच्यात हाय! तिला पयली काढा हितनं!”

आमचे ॲडमिनचे साहेब मान डोलवत होते. मला म्हणाले, “मॅडम, तिला माफी मागायला लावा आणि उद्यापासून ओपीडीत टाका. विषय संपवा.”

त्यांचा विषय संपला असता. त्या मुलीचा आयसीयूचा अनुभव पुरा व्हायला थोडेच महिने उरले होते, आणि परदेशातल्या नोकरीचं सगळं त्यावर अडलं होतं. ती दाराशी उभी होती. चिमट्याचं तिनं नुकतंच दोनदा सांगून झालं होतं, तिच्या हिंदीत आणि मग मोडक्या मराठीत. कुणी ऐकलं नव्हतं. बीडची मुलगी खाली मान घालून रडत होती आणि सगळे तिचीच समजूत काढत होते. माझं डोकं फिरलं.

“कुंकू पुसायला मीच सांगितलं होतं,” मी म्हणाले. धडधडीत खोटं.

दीर एकदम खाली बसला. “मंग तसं सांगायचं ना ताई. तुमी सांगितलं म्हंजी कायतरी कारण आसंलच.”

साहेबांनी चहा मागवला. संपलं! का पुसायला सांगितलं, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र आणि माझी भाषा, एवढं कारण त्यांना पुरलं. त्या मुलीनं खरं कारण दोनदा सांगूनही पुरलं नव्हतं. तो चहा मी घेतला नाही, तेवढाच काय तो माझा निषेध.

जिन्यात मला वाटलं, आता ही थँक्यू म्हणेल. ती माझ्यावरच भडकली.

“मॅम, तुम्ही तिथे नव्हता. मी पुसलं. मी बरोबर पुसलं. आता सगळे म्हणणार, हिला मॅमनी वाचवलं.”

“अगं, तुला काढलं असतं.”

“मग काढू दे. पण त्या बाईला अजून वाटतंय की मी तिच्या नवऱ्याचं वाईट केलं.”

आणि ती सरळ वेटिंगमध्ये गेली. मी कपाळाला हात लावून मागोमाग. मिटलेलं भांडण ही स्वतःच्या हातानं उकरणार होती.

बायको बाकावर एकटीच होती. मिझोरामची सिस्टर तिच्यासमोर उकिडवी बसली. खिशातला दुसरा चिमटा आपल्या बोटाला लावून दाखवला, कुंकू आत कुठं लागलं होतं ते दाखवलं. म्हणाली, “मॅमनी नाही सांगितलं. मी पुसलं. मशीन खोटं बोलत होतं. परत लागलं तर परत पुसणार.”

बाईनं सगळं ऐकून घेतलं, आणि मान वळवून मला विचारलं, “ही खरं बोलतीय का, ताई?”

मला ओरडावंसं वाटलं. समोर बसलेल्या माणसाचं खरं-खोटं माझ्याकडून कशाला तपासून घेता, बाई!

“तिलाच विचारा,” मी म्हणाले. “तुमच्या मालकांजवळ सकाळपासून तीच आहे. मी नव्हते.”

बाईनं पहिल्यांदाच त्या मुलीच्या तोंडाकडे नीट बघितलं, आणि त्या दिवशी दीरानं, साहेबांनी, आमच्यापैकी एकानंही विचारलं नव्हतं ते विचारलं.

“कसं हायेत त्ये?”

ती मुलगी उठून तिच्याशेजारी बाकावर बसली आणि सांगायला लागली.