चाल बदलली नाही

७ जुलै. आज बांधीत रोवणा होता. दिवसभर वाकून धानाची रोपं लावली. संध्याकाळी मोठ्या जाऊबाई कंबर धरून बांधावर बसल्या.

"तुही कंबर कायची हाय वो? फौजेत लोखंड टाकून देलं का?"

"उस्तादनी शिकवलं," मी म्हणाले.

हवालदार शालू उस्ताद आमच्या महिला कंपनीला ड्रिल शिकवत. त्या चिखला गावच्या, खाणकामगाराची लेक. मी तुमसरकडची. पहिल्याच परेडला मी 'सावधान'मध्ये गुडघे आवळले, श्वास रोखला आणि तोंडावर पडले.

उस्तादनी पाणी पाजलं.

"काहून आखडून राहिली? धानाचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरून गेली हायेस ना?"

"हो, उस्ताद."

"तवा छाती फुगवत होतीस का? चिखलात पडली असतीस. मान मोकळी, गुडघे मोकळे. भार जमिनीले दे, कमरेले नको देऊ."

पुढे रोज परेडआधी त्या माझ्या डोक्यावर वाळूची पिशवी ठेवून मला चालवत. मानेला दोन बोटं लावून सोबत चालत. मान सैल झाली की बोटं निघायची. पासिंग आउटपर्यंत पूर्ण पॅक घेऊनही माझा श्वास संथ चालू लागला.

नंतर आम्ही दोघी जंगलातल्या एकाच पोस्टवर होतो. एका सकाळी पेट्रोलिंगमध्ये आयईडी फुटला. रेडिओ ऑपरेटर रेखाच्या पाठीच्या कण्याला मार लागला. नर्सिंग असिस्टंटनं तिचे पाय तपासले.

"संवेदना आहे. पण झटका बसला तर पाय जातील."

मी रेडिओ घेतला. उत्तर आलं, "हेलिकॉप्टर नाल्यापलीकडच्या पठारावर उतरेल. ओव्हर."

म्हणजे आधी दगडांचा नाला, मग चढ. आम्ही चौघींनी स्ट्रेचर उचललं. उस्ताद पुढे उजवीकडे, मी त्यांच्या मागे.

"गुडघे मोकळे," त्या म्हणाल्या. "चला."

नाल्यात पाय सरकत होते. मी फक्त उस्तादच्या पाठीकडे पाहत त्यांच्या तालावर पाऊल टाकत होते. स्ट्रेचर कुठेही कललं नाही.

"उस्ताद, झोप येऊन राहिली," रेखा म्हणाली.

"झोपू नको. फुकटची सवारी हाय, मजा पाहून घे."

रेखा हसली. जागी राहिली.

पठारावर आम्ही स्ट्रेचर टेकवलं. उस्ताद उभ्या राहिल्या नाहीत, तिथेच बसल्या. डाव्या कुशीत, जॅकेटच्या खाली, स्फोटात उडालेलं स्प्लिंटर शिरलं होतं. ती बाजू स्ट्रेचरकडे होती, त्यामुळे रक्त कुणाला दिसलं नाही. मी तर त्यांच्या मागेच होते. मलाही कळलं नाही, कारण त्यांची चाल बदलली नव्हती.

दोघींना एकाच हेलिकॉप्टरनं नेलं. उस्ताद वाटेत गेल्या. रेखा आज स्वतःच्या पायांनी चालते.

त्यांच्या हाताखालून निघालेली रिक्रूट, एवढी ओळख मला पुरते.

उस्तादना रातोरात गावी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चिखल्याच्या उतारावर शवपेटीला पुढून उजवीकडे मी खांदा दिला. मान मोकळी ठेवली, गुडघे मोकळे ठेवले. पेटी हलली नाही.