बाबांनी समासात लिहिलेलं

गेल्या महिन्यात वाचनालयाच्या सेक्रेटरीचा फोन आला आणि माझं डोकंच फिरलं. वार्षिक कार्यक्रमाला कुणी रेल्वेतले मोठे साहेब पाहुणे म्हणून येणार, तर दारात एक फळा लावायचा होता : 'वाफेची इंजिने व रेल्वेचा इतिहास – वाचावेच असे संदर्भग्रंथ'. यादी मी करून द्यायची. मी त्या वाचनालयात तीस वर्षांवर ग्रंथपाल होते. निवृत्त होताना एक नारळ आणि एक शाल देऊन वाटेला लावलं मला. त्यानंतर एकानेही विचारलं नाही की बाई, जगता की मरता. आणि यादीत यायची ती रेल्वेवरची अकरा पुस्तकं? त्यांचं कपाट अभ्यासिकेत आडवं येतं म्हणून संडासाकडच्या बोळात ढकललेलं. अभ्यासिकेतली निम्मी पोरं रेल्वेभरतीच्याच परीक्षेला बसणारी, पण रेल्वेवरच्या पुस्तकाला हात लावील तर शपथ. आता साहेब येणार म्हणून सगळ्यांना पुळका आला.

पण यादी माझ्याइतकी तोंडपाठ कुणालाच नाही, हेही खरंच. फोनवरच सांगायला लागले. हिंदुस्थानातल्या इंजिनांचे प्रकार एकेक करून सांगणारा जाडजूड ग्रंथ, तो पहिला. तो नसेल तर बाकीचे दहा असून नसून सारखे. मग घाटातले बोगदे कसे खणले त्यावरचं. त्यात साहेबलोकांची नावं भरपूर आहेत, सुरुंग लावताना मेले त्यांचं एकही नाही. इंजिनात कोळसा टाकणाऱ्या फायरमनसाठीचं छोटं शिकवणीचं पुस्तक, ते खरं कामाचं. चित्रांचे दोन अल्बम, ते पाहुण्यांसमोर उघडून ठेवायला बरे. हे सगळं मी मोठ्या आवाजात सांगत होते, कारण हाताला माशाचं पाणी होतं आणि फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला होता. पडवीत बसलेल्या बाबांनी सगळं ऐकलं.

ही पुस्तकं बाबांची. बाबा रेल्वेत इंजिन पुसायला लागले, मग फायरमन झाले, मग ड्रायव्हर. सगळी नोकरी घाटावर, मिरजेच्या बाजूला. आमच्या जिल्ह्यात वाफेचं इंजिन कधी आलंच नाही. आमच्या वैभववाडीला गाडी आली ती डिझेलवर, आणि बाबा तेव्हा घरी येऊन बसलेले. गावातले लोक त्यांची थट्टा करायचे, तुमची धुराची गाडी खंय रवली, घाट उतराक घाबारली काय? बाबा हसायचे. शिक्षण सातवीपर्यंत, पण रद्दीवाल्यांकडून आणि बदली होऊन जाणाऱ्या साहेबांकडून त्यांनी एकेक इंग्रजी पुस्तक मिळवलं आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलं. वाचता वाचता पेन्सिलीने समासात लिहायचे. पुस्तकात चूक दिसली की लिहायचे. मालवणीत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी ती सगळी वाचनालयाला दिली. मला तिथे नोकरी लागून जेमतेम वर्ष झालं होतं. कपाटाला हार घातला, नारळ ठेवला, गावच्या एका म्हाताऱ्याने देवाला गाऱ्हाणंसुद्धा घातलं, आणि आम्ही सगळे "व्हय म्हाराजा" म्हटलं. दिलेल्या वस्तूला परत हात लावायचा नाही, ही आमच्या घरची रीत. त्यामुळे बाबा पुढे रोज वाचनालयात यायचे, पेपर वाचायचे आणि कपाटाकडे नुसतं बघून जायचे.

आणि मी काय केलं होतं, ते आता सांगून टाकते. दान आलेलं पुस्तक दाखल करण्याआधी त्यातल्या पेन्सिलीच्या खुणा खोडायच्या, असं मला ग्रंथपालनाच्या वर्गात शिकवलं होतं. जिल्ह्याहून तपासणी यायची होती. मी तीन दिवस बसून बाबांनी लिहिलेलं सगळं खोडलं. ओळ न् ओळ आधी वाचली, मग खोडली. नियम होता हे खरं, पण नुसता नियम नव्हता. मला लाज वाटली होती. एवढा मोठा इंग्रजी ग्रंथ, त्यात इंजिनाच्या सुबक आकृतीशेजारी माझ्या बापाने कोळशाच्या फावड्यावर मासा भाजायचं लिहिलेलं, 'बेलच्यार बांगडो बरो भाजता, पण आदी बेलचो धुवूक व्हयो.' तपासणीस हसला असता. मी रबर घासलं, फुंकर मारली, 'संदर्भ' असा शिक्का मारला आणि कपाटाला कुलूप लावलं. तपासणीसाने पुस्तकं फार स्वच्छ ठेवलीत म्हणून शेरा दिला. तो शेरा मी घरी येऊन बाबांना वाचून दाखवला होता. बाबांनी शेजारी पेढे वाटले.

आता बाबा पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. दुपारचं जेवण झालं की चालत स्टेशनवर जायचं, गाडी बघायची आणि चहा पिऊन परत यायचं, एवढाच त्यांचा कार्यक्रम. पावसाळ्याच्या शेवटी एकदा ते स्टेशन ओलांडून पुढे चालत राहिले. दोन वाड्या पलीकडून एका रिक्षावाल्याने त्यांना घरी आणून सोडलं. झालं. माझा धाकटा भाऊ दोडामार्गला राहतो, रोज गोव्यात नोकरीला जातो आणि रविवारी इकडे येऊन कारभार करतो. त्याने फर्मान काढलं, बाबांनी एकट्याने फाटकाबाहेर जायचं नाही. म्हणे डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही, मनाला येईल ते बोलतात, इंजिनाच्या गोष्टीसुद्धा अर्ध्या बनवलेल्या असतात. फाटकाला कुलूप लागलं. चावी माझ्या पदराला. कुलपं लावायचं माझ्या नशिबातच आहे बहुतेक.

बाबा त्या दिवसापासून धुमसत होते. फोनवर पुस्तकांची नावं ऐकली आणि त्यांना एकदम वाट सापडली. त्यांनी मला पडवीत बोलावलं. म्हणाले, तां जाडा पुस्तक घरी घेवन ये. रविवारी झिलासमोर मी त्यात काय लिवलेलंय तां तोंडान सांगतंय, मग पुस्तक उघडून ताडून बघा. एक शब्द चुकलो तर आयुष्यात फाटकाबाहेर पाय टाकूचंय नाय. आणि बरोबर आलो तर कुलूप काढूचा.

मी म्हटलं, संदर्भग्रंथ बाहेर देत नाहीत. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी बरं म्हटलं. दिलेल्या वस्तूला हात न लावणारा माणूस ती वस्तू मागत होता. मी दोन दिवस टाळलं. कपाटाची चावी मिळत नाही, सेक्रेटरी जाग्यावर नाही, असल्या थापा मारल्या. तेवढ्यात भावाचा फोन आला. बाबांनी पैज त्यालाही कळवली होती आणि त्याला ती एकदम पसंत पडली होती. म्हणाला, आण पुस्तक, एकदाचा निकाल लागू दे. मी आणलं. सेक्रेटरीने फळ्याच्या कामाला म्हणून खुशाल दिलं, सहीसुद्धा घेतली नाही.

रविवारी सकाळी भाऊ आला. बाबांनी दाढी केली होती आणि धुतलेला शर्ट घातला होता. पुस्तक टीपॉयवर मिटलेलं. बाबा खुर्चीत ताठ बसले आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. कोळसा सगळीकडे सारखा पसरावा असं पुस्तक म्हणतं, त्या पानावर लिहिलंय, 'ह्यां खोटां. घाटात मागच्या कोपऱ्यांत जास्त घालूक व्हयो, नायतर वाफ बसता.' पुढच्या पानावर, बॉयलरला पाणी देणारा इंजेक्टर तापून पाणी घेईनासा झाला तर त्याला ओलं बारदान गुंडाळायचं, पुस्तकात हे नाही. मग बांगड्याचं. बांगड्याचं सांगताना ते स्वतःच हसले. कुठल्या आकृतीच्या उजव्या बाजूला, कुठे जागा पुरली नाही म्हणून आडवं लिहिलंय, हेही सांगितलं.

सगळं बरोबर होतं. शब्द न् शब्द. जगात ते पडताळून बघू शकणारं एकच माणूस होतं आणि ते दाराला टेकून उभं होतं.

भावाने पुस्तक उघडलं. पानं उलटली, मागे गेला, पुढे आला. मग पुस्तक बाबांच्या मांडीवर ठेवलं. बाबांनी चष्मा पुसून परत लावला. कोळशाचं पान काढलं. इंजेक्टरचं काढलं. आकृतीच्या उजव्या बाजूला त्यांनी बोट ठेवलं आणि ते बोट वरून खाली, खालून वर असं कितीतरी वेळ फिरत राहिलं. कागद पांढरा होता. स्वच्छ.

मला तोंड उघडायचं होतं, देवाशपथ. भाऊ माझ्याकडे बघत होता आणि मला एवढंच दिसत होतं की आता मी बोलले तर हा माझा धाकटा भाऊ जन्मभर मला ऐकवत राहील. पैजेत हरणार होते बाबा, आणि मला काळजी पडली होती माझी.

बाबांनी पुस्तक मिटलं. माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, "मगे मी लिवलेलंयच नाय, गो. माका उगाच तसा वाटला."

भाऊ वाईट नाही. त्याचेही डोळे भरले. त्याने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, वयाने होतं असं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. जेवून दुपारी तो परत गेला. जाताना मला फाटकापाशी सांगून गेला, बघितलंस ना, मी म्हणत होतो ते?

दुसऱ्या दिवशी पुस्तक परत नेण्याआधी मी ते खिडकीपाशी नेलं आणि पान उजेडात तिरकं धरलं. तीस वर्षं पुस्तकांत काढली मी, पेन्सिलीचं लिखाण कसं शोधायचं ते मला कळतं. रविवारीही कळत होतं. शिसं गेलं होतं, पण दाबून लिहिलेलं होतं, चर तसेच होते. 'मागच्या कोपऱ्यांत' स्पष्ट वाचता आलं. बांगडाही वाचता आला. पडवीत नेऊन बाबांच्या हातात द्यायचं, एवढंच करायचं होतं. दहा पावलं. पण मग त्यांनी विचारलं असतं, खोडला कोणी? रविवारी सांगायला धीर नव्हता आणि सोमवारी सांगायला तोंड नव्हतं. मी पुस्तक पिशवीत घातलं आणि वाचनालयात देऊन आले.

कार्यक्रम झाला. फळा रंगीत खडूने छान लिहिला होता, पहिलं नाव त्याच ग्रंथाचं. मी गेले होते. साहेबांनी तो चाळला आणि एवढ्या जुन्या पुस्तकावर एक डागसुद्धा नाही म्हणून कौतुक केलं. सेक्रेटरीने माझ्याकडे बोट दाखवलं, टाळ्या झाल्या. मी उठून नमस्कार केला. काय करणार होते?

फाटकाचं कुलूप मी दुसऱ्याच आठवड्यात काढून टाकलं, भावाला न विचारता. तेवढी हिंमत आता येते, फुकटची. पण फाटक उघडं असलं तरी बाबा जात नाहीत. दुपारी गाडीचा भोंगा ऐकू येतो, मी म्हणते, बाबानू, जाऊन येतात काय? ते मान हलवतात. इंजिनाबद्दल एक अक्षर बोलत नाहीत. मी मुद्दाम विचारलं, इंजेक्टर तापला की काय करायचे तुम्ही? तर म्हणाले, तुका खराच सांगतंय बाय, माका म्हायत नाय, मी कायतरी बोलतलंय.

पूर्वी स्वतःबद्दल त्यांनी कुणाला काही विचारलेलं मला आठवत नाही. परवा मी जेवणाची पानं उचलली, ओटा पुसला आणि पडवीत आले. बाबा हात धुऊन खुर्चीत बसले होते. हात अजून ओले होते, बोटांना आमटीचा वास होता. मला बघून त्यांनी विचारलं, "गो, मी जेवलंय काय?"