मागलं दार

नवीन पनवेलमधल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी बावीस वर्षं नकाशे काढले. त्यामुळे पुरानंतर आमच्या सोसायटीने नदीकाठच्या वाडीतली आठ घरं बांधून द्यायचं ठरवलं, तेव्हा ग्रुपवर माझं नाव आधी जाहीर झालं आणि मला नंतर विचारलं गेलं. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. आता नाही म्हणायचं कुठल्या तोंडाने?

विचुंब्याच्या पुढे रस्त्यावरून खाली उतरलं की ती वाडी. तिथली घरं कुडाची होती, म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या बांधून वर शेणमाती लिंपलेल्या भिंतींची. पुराने ती नेली. आम्ही सिमेंटच्या ब्लॉकची देणार होतो. मी एका बैठकीत नकाशा काढला. दहा बाय पंधराची खोली, पुढे पत्र्याचं दार, उंचावर ग्रिलची खिडकी. मला तो फार आवडला होता. कमी जागेत नीटनेटकं घर बसवणं हा माझा हातखंडा, आणि तो मिरवायची संधी मी सहसा सोडत नाही.

वाडीतल्या लोकांना कळावं म्हणून मी जमिनीवर पांढऱ्या फक्कीने पहिलं घर आखून दाखवलं. ते ज्यांचं होतं त्या मावशी रेषांच्या आत येऊन उभ्या राहिल्या. इकडे तिकडे पाहिलं, मागच्या रेषेपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "बाय, मागलं दार कुटं हाय?"

"मावशी, एवढ्याशा खोलीला दोन दारं कशाला? चोराची सोय करायचीय का?" मी म्हटलं. सगळे हसले. त्याही हसल्या. मग मागची रेष ओलांडून पलीकडे ताडपत्रीखाली बाजेवर पडलेल्या नवऱ्याकडे निघून गेल्या. त्याची एक बाजू लकव्याने गेली होती.

प्रत्येक रविवारी मी तिथे असे. गुडघे दुखत, ऊन लागे, ब्लॉक देणारा फोन उचलत नसे. दर शनिवारी मी सुटायचं निमित्त शोधायची आणि सापडायचं नाही. भिंती मात्र ओळंब्यात उभ्या राहत होत्या आणि कौतुक माझं होत होतं, हेही खरं.

पहिल्या घरावर पत्रे चढले तशी मावशींनी ताडपत्री गळते म्हणून नवऱ्याची बाज आत आणून ठेवली. पुढे आठही घरं उभी राहिली, कळंबोलीहून आलेली दारं बसली, आतले हँडल तेवढे राहिले होते. एका रविवारी सगळे जेवायला वर रस्त्याकडे गेले आणि मी शेल्फाचं माप घ्यायला मावशींच्या घरात शिरले. पाऊस आला, वारा सुटला आणि दार धाडकन आपटून चौकटीत रुतून बसलं. ओढायला हँडल नाही. फोन गाडीत. मी आधी हसले. मग हाक मारली. मग दारावर लाथा घातल्या. पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की माझा आवाज मलाच ऐकू येईना.

दाराखालून पाणी आत यायला लागलं. गटार भरून वाहत होतं, दुसरं काही नव्हतं, आणि पाणी बोटभरही नव्हतं. पण ते बाजेच्या पायांपर्यंत गेलं. मी खिडकीला लटकले. तो ग्रिल मीच निवडला होता, चांगला जाड बघून. चारही भिंती मी हातांनी चाचपल्या. कुठे फट नव्हती. फट राहू नये म्हणून गवंड्याच्या डोक्यावर मीच तर उभी होते! मी रडायला लागले, आणि ते सांगायला मला आता लाज वाटत नाही.

"वरडू नुको, बाय," बाजेवरून म्हातारा अर्ध्या तोंडाने म्हणाला. "ती येल." त्याने भिंतीकडे पाहिलं. "तवा पुडनं पानी शिरलं, नं ती मागनं आली. कोयत्यानं कूड फाडला नं मना भाईर वढला. आता ती काय फाडंल?"

मी त्याच्या बाजेवर पाय वर घेऊन बसले. आम्ही दोघं भिंतीकडे बघत राहिलो.

पाऊस उतरला तशी मावशी आल्या आणि बाहेरून दोन धक्क्यांत त्यांनी दार उघडलं. माझा चेहरा बघून पदराने तो पुसला. मग बाजेखालचं पाणी पुसायला बसल्या.

त्या रात्री मी ग्रुपवर लिहिलं की आठही घरांना मागून वाट ठेवू या. अध्यक्षांनी कळवलं की दारं आठच आली आहेत, रविवारी घरं सुपूर्द करायची आहेत, बॅनर छापून झाला आहे आणि नकाशा, मॅडम, तुमचाच आहे.

शनिवारी मी छिन्नी-हातोडा घेऊन एकटीच गेले. मावशींबरोबर मागची भिंत अडीच फूट रुंद फोडली, वर आधाराला लोखंडी पट्टी टाकली. दुसरं दार कुठून आणणार? मावशींनी कारवी आणून ते भगदाड कुडाने बंद केलं, लिंपलं आणि आतून खुंटीला कोयता लावला. बाजेवरूनही हात पोचेल एवढ्या उंचीवर. म्हातारा बाजेवरून सूचना देत होता आणि त्या त्याला गप्प बसवत होत्या. त्या घरात मी पहिल्यांदाच दोघांना भांडताना ऐकलं.

मग मी उरलेल्या सात घरी गेले, हातात हातोडा घेऊन. प्रत्येक ठिकाणी माझ्याकडे घाबरून बघितलं गेलं. एकीने तर भिंतीला पाठ लावली. "नाय बाय, नवं घर नुको फोडू. किती सुंदर बांदलंस," ती म्हणाली. तिने भिंतीला निळा रंगही दिला होता. मी समजावलं, विनवलं, शेवटी चिडले. त्यांनी मला चहा दिला.

रविवारी बॅनरखाली फोटो निघाले. त्यात मी मधोमध आहे.

आता गाढी नदीला पाणी वाढल्याचं कानावर आलं की मला आमच्या अकराव्या मजल्यावर बसवत नाही. त्या एका घरातला म्हातारा मागून बाहेर निघेल, मला माहीत आहे. बाकी सात घरांत मी मनाने एकेका भिंतीला हात लावत फिरते, आणि कुठेच फट सापडत नाही.