मेलेल्या शिपायाचा पाय

व्हर्लिन स्ट्रूपच्या पायाला भिंगरी होती, आणि ती त्याने जन्मभर सरकारच्या पगारावर फिरवली. ओहायोतल्या हार्लो क्रीक गावात तो पायी टपाल वाटायचा. गावातल्या कुत्र्यांच्या तीन पिढ्या त्याच्यावर भुंकून दमल्या, पण तो दमला नाही. शेवटी गुडघेच रुसले, आणि साठी ओलांडलेला व्हर्लिन घरी बसला. बसला असं म्हणायचं, एवढंच. बसणं त्याला कधी आलंच नाही. खुर्चीत टेकला की त्याचा उजवा पाय थरथर हलायला लागायचा, टेबलावरचे कप वाजायचे, आणि समोरचा माणूस वैतागून उठून जायचा. बायको तर फार पूर्वीच उठून गेली होती.

मग त्याने छंद धरले. मधमाश्या पाळल्या, त्या पहिल्याच हिवाळ्यात मेल्या. बँजो आणला, दोन तारा तुटल्या त्या तुटल्याच. होडी बांधायला काढली. तिचा सांगाडा अजून गॅरेजमध्ये आहे आणि त्याच्यावर टॉवेल वाळतात. नव्याचे नऊ दिवस सगळ्यांचेच असतात, व्हर्लिनचे मोठ्या मुश्किलीने चार भरायचे.

त्याची आई ओपल नव्वदीला टेकलेली. गावातल्याच वृद्धाश्रमात एका खोलीत राहायची. गेल्या हिवाळ्यात पडून तिचं कमरेचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण म्हातारीने खोलीबाहेर पाऊल टाकणंच बंद केलं. जेवण खोलीत, प्रार्थना खोलीत. व्हरांड्यात फुलं आली तरी तिने मान वळवली नाही. "बाहेर काय आहे बघायला? सगळं बघून झालंय," म्हणायची. व्हर्लिनला याचाच घोर लागला होता. आई हळूहळू त्या खोलीतच संपणार, आणि आपण दर दुपारी तिच्या पलंगाशी पाय हलवत बसणार. या विचाराने त्याला झोप येईना.

पलंगाच्या वर भिंतीला एक जुना फोटो होता. ओपलचे पणजोबा एमस, अमेरिकेच्या यादवी युद्धातले शिपाई. अंगात उत्तरेच्या संघराज्याचा निळा कोट, हातात बंदूक, नजर ताठ. त्या काळी फोटो निघेपर्यंत माणसाला पुतळ्यासारखं उभं राहावं लागे. एमसचं सगळं अंग स्वच्छ आलं होतं, फक्त उजवा बूट नुसता धूसर ढग झाला होता. ते पाय हलवल्याशिवाय राहू शकले नव्हते.

वसंतात एका रविवारी गावच्या बागेत व्हर्लिनला निळ्या कोटातली माणसं कवायत करताना दिसली. युद्धाचे खेळ करणारी मंडळी ती. जुन्या लढाया जशाच्या तशा उभ्या करायच्या, बंदुकीत नुसती दारू भरायची, खोटं मरायचं आणि संध्याकाळी एकत्र बसून जेवायचं. तो तडक आईकडे गेला.

"आई, मी शिपाई होतोय."

"हो का?" ओपल म्हणाली. "होडीचा खलाशी झालास वाटतं आधी?"

"चेष्टा नको. खरंच सांगतोय."

"आरंभशूर आहेस तू, दुसरं काही नाही." पण तिची नजर फोटोकडे गेली. मग म्हणाली, "पणजोबांसारखा निळा कोट घालून उभा राहिलास, तर मी येईन बघायला."

"बाहेर? मैदानात?"

"नाही, इथे पलंगाखाली लढाई लाव. मैदानातच येईन. पण मधेच सोडलंस, तर पुन्हा मला तोंड दाखवू नकोस."

व्हर्लिनला आनंदाने रडू येणार होतं, ते त्याने खोकल्यात लपवलं.

या मंडळींत नव्या माणसाला पहिली गोष्ट सांगतात ती हीच, की आम्हाला विचारल्याशिवाय काही विकत घेऊ नका. व्हर्लिनने तेवढं ऐकलं असतं तर तो व्हर्लिन कसला! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. पहिल्या कवायतीला तो पांढरं पीस खोवलेली रुंद काळी टोपी घालून आला.

तुकडीची सार्जंट होती ग्लेंडा युट्झी. एरवी दातांच्या दवाखान्यात समोरच्या टेबलाला बसून लोकांच्या वेळा ठरवायची, आणि मैदानात आली की बोकडदाढी चिकटवायची. तिने टोपी बघितली आणि कपाळाला हात लावला.

"जनरलसाहेब, आपली पलटण कुठाय?"

"दुकानदार म्हणाला, ही अगदी त्या काळातली आहे."

"आहेच. पण ती घालणारा घोड्यावर बसायचा आणि तुमच्यासारख्यांना पुढे मरायला पाठवायचा. काढा ती. आणि हे बघा, व्हर्लिन, बंदूक मी तुम्हाला कधी देणार माहिताय? रांगेत स्वस्थ उभे राहाल तेव्हा."

तिथेच तर घोडं अडलं. चालायला सांगितलं की व्हर्लिन सगळ्यांच्या पुढे, वळायला सांगितलं की सर्वांत आधी, आणि 'सावधान' म्हटलं की उजवी टाच टकटक टकटक. शेजारचे शिपाई हसून बेजार होत. ग्लेंडा त्याच्यासमोर उभी राहून बुटाकडे टक लावून बघे. "पोस्टमन, तुमची टपालपेटी गळतेय," म्हणे.

तरी त्याने सोडलं नाही, याचं त्यालाच नवल वाटत होतं. निळा कोट घेतला तोही ग्लेंडाला विचारून. मशीनवर शिवलेली काजं या लोकांना खपत नाहीत. ती उसवून त्याने हाताने पुन्हा शिवली, आईच्या खोलीत बसून. ओपल पलंगावरून टाके बघायची. "तिरकं जातंय. उसव." तो उसवायचा. "आता पुन्हा तिरकं जातंय." पुन्हा उसवायचा. शेवटचं काज झालं त्या दिवशी तिने आपली चांगली टोपी कपाटातून काढून ठेवली.

जुलैतला शनिवार उजाडला. नदीकाठचं मैदान तंबूंनी भरलं होतं, आणि त्या उकाड्यात लोकरी कोटातले शिपाई घामाने निथळत होते. व्हर्लिन पहाटेपासून चार वेळा तंबूंना प्रदक्षिणा घालून आला होता. तेवढ्यात ग्लेंडाने तुकडीला बोलावलं.

"मंडळी, करडेवाले, म्हणजे दक्षिणेची फौज होणारे, आले नाहीत. व्हर्जिनियात मोठा खेळ आहे, बहुतेक सगळे तिकडे गेलेत. आपण निळे ढीगभर, आणि समोर मूठभर माणसं. लढायचं कुणाशी? तर आज आपली तुकडी करडी."

कुणी कुरकुर केली नाही. या खेळात हे नेहमीचंच असतं. जुने लोक दोन्ही कोट बाळगतात, नव्यांसाठी पेटीत उसने असतात. व्हर्लिनच्या हातात एक करडा कोट पडला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"सार्जंट, मला नाही जमणार. माझी आई येतेय."

"मग चांगलंच की."

"तुम्हाला नाही कळायचं. गुलाम म्हणून माणसं विकणाऱ्यांचा तो कोट. आईचे पणजोबा त्यांच्याशी लढले. आई मेली तरी हे खपवून घेणार नाही. ती खोलीतून बाहेर पडतेय ती निळ्या कोटासाठी."

ग्लेंडाने दाढी खाजवली. "हे बघा, हा कोट कुणालाच आवडत नाही. पण समोर कुणी उभं राहिलं नाही, तर ते पणजोबा कुणाशी लढले ते लोकांना कसं कळणार? जबरदस्ती नाही. नको असेल तर दोरीपलीकडे प्रेक्षकांत आईशेजारी बसा."

व्हर्लिन तंबूमागे येरझारा घालायला लागला. आईशेजारी बसायचं म्हणजे सोडून दिलं. करडा घालायचा म्हणजे तिला फसवलं. मधमाश्या, बँजो, होडी, सगळं एकदम आठवलं. तेवढ्यात वृद्धाश्रमाची गाडी आली. चाकाच्या खुर्चीतून, डोक्याला चांगली टोपी, मांडीवर काठी, ओपल उन्हात बाहेर आली. डोळे बारीक करून ती निळ्यांची रांग शोधत होती. दूरचं तिला फारसं दिसत नव्हतं, आणि या गोष्टीचा व्हर्लिनला त्या क्षणी फार आधार वाटला. त्याने करडा कोट चढवला. पलीकडच्या झाडांपाशी पडायचं, पहिल्याच फैरीत. आईला काय दिसणार? नंतर निळा घालून भेटायचं. असा त्याचा बेत होता.

"नवे लोक पहिल्या फैरीला पडतील," ग्लेंडाने बजावलं होतं. फैर झडली. धूर उठला. आणि ढोल वाजायला लागल्याबरोबर व्हर्लिनचे पाय निघाले. पडायचं आहे हे त्याच्या लक्षातच राहिलं नाही. रांग मागे राहिली, नवे सगळे धडाधड मेले, आणि हा एकटा गृहस्थ धुरातून नवशिक्यांची लाकडी बंदूक घेऊन दुडदुडत प्रेक्षकांच्या दोरीपर्यंत पोचला. मागून ग्लेंडाचा आवाज आला, "अहो, तुम्ही केव्हाच मेलात! पडा आता!"

लोक खदखदून हसले. व्हर्लिन होता तिथे आडवा झाला. डोळे मिटण्याआधी त्याला दोरीखालून एका खुर्चीची चाकं दिसली.

तो श्वास रोखून पडला. डोक्यावर, हाताच्या अंतरावर, आईचा आवाज ऐकू येत होता.

"तो बघा, निळ्यांत, टोकाचा," ओपल शेजारच्या बाईला सांगत होती. "ताठ उभा आहे तो. माझा मुलगा. काजं स्वतः शिवलीत त्याने."

व्हर्लिनला उठून सांगावंसं वाटलं, लाज वाटली, आणि मेलेल्याला उठता येत नाही म्हणून तो तसाच राहिला. तेवढ्यात त्याच्या नकळत उजवा पाय सुरू झाला.

"अगंबाई," शेजारची बाई हसली. "हा मेलेला पाय हलवतोय बघा."

ओपलची खुर्ची करकरत पुढे सरकली. व्हर्लिनने दात आवळले, पाय आवळला, पण टाच मातीत टकटक करतच राहिली. मग दोरीखालून काठी सरकत आली आणि तिचं रबरी टोक त्याच्या बुटावर घट्ट टेकलं. पाय थांबला.

"हाच माझा मुलगा," ओपल म्हणाली.

"हा? पण तो तर निळ्यांत आहे म्हणालात ना?"

"चुकले मी."

"हा तर करडा घालून आलाय."

"कोट उसना आहे," ओपल म्हणाली. "त्याचं मी घरी गेल्यावर बघते. पाय मात्र आमच्याच घरातला आहे."

शेवटचा बिगुल वाजेपर्यंत तिने काठी उचलली नाही. आणि व्हर्लिन आयुष्यात पहिल्यांदाच, शेवटपर्यंत, न हलता पडून राहिला.